केस, तास आणि लेखन: तिन्ही एका आयुष्यात कसं बसवायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाही दिसेल. तुम्ही 29 वर्षांचे. इतिहासात एम.ए., नेट पास. तालुक्याच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवता. शिवाय एका संघटनेबरोबर ॲट्रॉसिटीच्या (अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारांच्या) प्रकरणांत धावपळ करता: फिर्याद नोंदवायला लावणं, जखमीला दवाखान्यात नेणं, समाजकल्याणच्या कार्यालयात खेटे घालणं. लेखही लिहिता. घरचे म्हणतात, एक काहीतरी धर. संघटनेतले म्हणतात, नोकरी सोड आणि पूर्णवेळ ये. एलएलबी करावी का आणि लेख टोपणनावानं लिहावेत का, हे तुमचे जोडप्रश्न.

मी मराठवाड्यात वकिली करते, विधी महाविद्यालयात अर्धवेळ शिकवते आणि विद्यार्थिदशेपासून लिहीत आले आहे. म्हणजे तुम्ही ज्या तीन कामांच्या मधोमध उभे आहात, तिथंच माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. त्यामुळे सविस्तर लिहिते.

तुम्ही प्रश्न वेळेचा मांडलाय. मला तो वेळेचा वाटत नाही. तुमचं पोट एका कामावर चालतं, जबाबदारी दुसऱ्या कामाची आहे आणि ओढ तिसऱ्याची. ही ओढाताण चोवीस तासांचे तीस तास झाले तरी संपणार नाही. कोणत्या कामानं पोट भरायचं, कोणत्या कामाला कधीच थांबवायचं नाही आणि कोणतं काम थांबलं तरी चालेल, हे एकदा पक्कं ठरलं की वेळ आपोआप वाटला जातो.

काही गोष्टी मला इथून ठरवता येणार नाहीत. घरात तुमच्या कमाईवर किती जण अवलंबून आहेत, कोरडवाहू का होईना पण जमीन आहे का, आईवडिलांचं आजारपण आहे का, यावर बरंच ठरतं. आणखी एक गोष्ट याहून महत्त्वाची. तुम्ही ज्या गावांत काम करता, तिथलेच आहात का? स्वतःच्याच गावातल्या प्रकरणात उभा राहणारा कार्यकर्ता आणि जिल्ह्याच्या ठिकाणाहून गाडी करून येणारा कार्यकर्ता यांची जोखीम सारखी नसते. आमची गाडी रात्री निघून जाते. मागं जो उरतो त्याला दुसऱ्या दिवशी त्याच दुकानातून मीठ घ्यायचं असतं, त्याच माणसाच्या शेतातून वाट काढायची असते. तुम्ही मागं उरणाऱ्यांपैकी असाल, तर खालचं सगळं वाचताना त्यात आणखी सावधपणा मिसळा. आणि तुमच्या संघटनेत मुली असतील, तर रात्रीच्या पोलीस ठाण्याच्या फेऱ्यांचं नियोजन त्यांना विचारून करा.

आता पोटापाण्याचं. चळवळीवर घर चालवू नका, हे माझं ठाम मत आहे, आणि ते नुसतं माझं नाही. जोतीराव फुल्यांनी 1848 मध्ये मुलींची शाळा काढली, 1873 मध्ये सत्यशोधक समाज उभा केला, त्याच वर्षी ‘गुलामगिरी’ लिहिलं. त्यांचा चरितार्थ मात्र बांधकामाच्या कंत्राटांवर आणि शेतीवर चालायचा. म्हणून तर 1882 मध्ये हंटर आयोगापुढं सरकारच्या शिक्षणधोरणावर टीका करताना त्यांना कुणाच्या मर्जीचा विचार करावा लागला नाही. पूर्णवेळ कार्यकर्त्याचं मानधन संघटना देते, संघटनेला देणगीदार देतो. देणगीदाराचा विषय बदलला की तुमचा विषय बदलतो. माझ्या ओळखीतली फार गुणी पोरं अशी प्रकरण अर्ध्यात सोडून दुसऱ्या प्रकल्पावर गेलेली मी पाहिली आहेत. दोष त्यांचा नव्हता. पण न्यायालयात तारीख पडली तेव्हा फिर्यादी बाई एकटीच बाकावर बसलेली होती.

तासिका तत्त्वाची नोकरी हा काही भक्कम आधार नाही, हे मला माहीत आहे. जितके तास तितकेच पैसे, तेही महिनोन्‌महिने थकलेले, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. तरीसुद्धा दुसरी सोय होईपर्यंत ती सोडू नका. शिकवण्याचा अनुभव सोडला तर परत मिळवणं अवघड जातं. कायम जागेच्या जाहिराती निघतात तेव्हा हाताशी अनुभवाची प्रमाणपत्रं असावी लागतात.

बाबासाहेबांच्या आयुष्याचा हा भाग आपण नीट वाचत नाही. 1918 च्या अखेरीस ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. ती सरकारी नोकरी करत असतानाच, 31 जानेवारी 1920 रोजी, ‘मूकनायक’ सुरू झालं. नंतर नोकरी सोडून ते अर्धवट राहिलेल्या शिक्षणासाठी लंडनला गेले आणि त्यांच्यामागं ते पाक्षिक फार काळ तगलं नाही. परत आल्यावर वकिली सुरू केली. नव्या वकिलाकडं, त्यातून अस्पृश्य वकिलाकडं, पक्षकार कुठून येणार? म्हणून 1925 पासून काही वर्षं ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. आता 1927 हे साल बघा. मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह, 3 एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ सुरू, त्याच वर्षी मुंबई विधिमंडळातलं काम, जोडीला वकिली आणि शिकवणं. ‘बहिष्कृत भारत’चे रकाने ते जवळपास एकहाती भरत होते. पुढं 1928 मध्ये सरकारी विधी महाविद्यालयात अध्यापन, 1935 मध्ये तिथलंच प्राचार्यपद, आणि 1946 मध्ये स्वतःच्या संस्थेचं सिद्धार्थ महाविद्यालय.

हे मी प्रेरणेसाठी सांगत नाही. त्यातली रचना बघा म्हणून सांगते. पत्र बंद पडलं, पुन्हा दुसऱ्या नावानं निघालं. नोकऱ्या बदलल्या. पण महाडच्या चवदार तळ्याचा खटला? 1927 मध्ये विरोधकांनी दावा दाखल केला, आणि तळं सगळ्यांना खुलं असल्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयातून मिळाला तो 17 मार्च 1937 रोजी. दहा वर्षं. एवढ्या काळात काय काय घडलं आठवा: गोलमेज परिषदा, पुणे करार, येवल्याची घोषणा. तरी तो खटला हातचा सोडला गेला नाही. माझ्या कामाचा क्रम मी यावरूनच घेतला. केस पहिली. शिकवणं पोटासाठी आणि डोकं ताजं राहावं म्हणून. लेखन तिसरं, पण रोजचं.

केस पहिली का, तर तिचं घड्याळ आपल्या हातात नसतं. ॲट्रॉसिटी कायद्याच्या नियमांप्रमाणं तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडं हवा आणि तपासासकट दोषारोपपत्र साठ दिवसांत विशेष न्यायालयात जायला हवं. ठाण्यात अजूनही ऐकवतात, ‘आधी चौकशी करू, मग गुन्हा दाखल करू.’ 2018 मध्ये घातलेलं कलम 18-अ स्पष्ट सांगतं की गुन्हा नोंदवण्यासाठी प्राथमिक चौकशीची गरज नाही. आरोपीचा जामीन अर्ज येतो तेव्हा कलम 15-अ प्रमाणं पीडितेला त्याची वेळेत नोटीस मिळाली पाहिजे आणि तिचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. प्रत्यक्षात नोटीस घरी पोचते तेव्हा सुनावणी कधी कधी होऊन गेलेली असते. त्या दिवशी तुमचा तास आहे किंवा लेख द्यायचाय, याच्याशी न्यायालयाला देणंघेणं नाही. म्हणून संघटनेत एका प्रकरणाला दोन माणसं हवीत. एकाचा तास असला की दुसरा तारखेला हजर.

आणि केसचं खरं काम कुठं असतं ते सांगते. एका वस्तीवर आम्ही एका बाईची हकिगत ऐकत होतो. शेजारच्या शेतकऱ्यानं तिच्या दारात येऊन जातीवरून शिवीगाळ केली होती. मी विचारलं, ‘मावशी, तो बोलला तेव्हा तुम्ही कुठं होता?’ ‘दारात.’ ‘आणखी कोण होतं?’ ‘कोणीच नव्हतं.’ पुढं अर्धा तास आम्ही दुसऱ्याच गोष्टी बोलत होतो. पाणी, रेशन, थोरल्या मुलाचं ऊसतोडीला जाणं. बोलता बोलता ती म्हणाली, गिरणीवरून येणाऱ्या दोघी तिथंच थांबल्या होत्या, सगळं ऐकलं त्यांनी. ‘मग मघाशी कोणी नव्हतं म्हणालात?’ ‘त्या काय, बायाच होत्या.’

या दोघींवर सगळं अवलंबून होतं. जातिवाचक अपमानाच्या कलमात तो ‘लोकांच्या नजरेसमोर’ झालेला असावा लागतो. 2020 मध्ये हितेश वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच धरलं: घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कुणी हजर नसताना बोललेलं त्या कलमात बसत नाही. फिर्यादीत ‘कोणी नव्हतं’ एवढंच गेलं असतं, तर तिची तक्रार पहिल्याच पायरीवर अडली असती. त्या दोघींना साक्षीदार मानायचंच तिच्या मनात आलं नव्हतं. इथं एक पथ्य कडक पाळायचं: जो हजर नव्हता त्याचं नाव सुचवायचंसुद्धा नाही. प्रश्न विचारायचा, उत्तर तिचं असू द्यायचं, आणि लिहून झाल्यावर सगळं तिच्या बोलीत वाचून दाखवायचं. गुन्हा दाखल झाल्यावर फिर्यादीची प्रत मोफत मिळते. ती तिथल्या तिथं घ्या, आणि दोन्ही बाजूंच्या जाती, वेळ, ठिकाण, नेमके शब्द बरोबर उतरलेत का ते ठाण्याच्या आवारातच वाचून काढा.

हे ऐकून घेणं मला वर्गानं शिकवलं. म्हणून शिकवणं सोडू नका असं मी म्हणते. ज्या विद्यार्थ्याला समजलेलं नाही, तो ‘समजलं’ म्हणतो, आणि त्याच्या चेहऱ्यावरून आपल्याला ते ओळखावं लागतं. ॲट्रॉसिटी कायद्याच्या अंमलावर देखरेख करणाऱ्या जिल्हास्तरीय दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी, हे वस्तीवरच्या माणसांना पटवून सांगणं आणि पहिल्या वर्षाला हंटर आयोगापुढचं फुल्यांचं निवेदन समजावणं, यात एकच कसब लागतं. पण वर्ग हा भरतीचा अड्डा करू नका. तुमच्यासमोर बसलेल्यांत आरोपीच्या भावकीतला मुलगा असू शकतो, तसा फिर्यादीचा पुतण्याही असू शकतो. दोघांनाही तुमच्या तासाला निर्धास्त बसता आलं पाहिजे, आणि दोघांचे पेपर तुम्ही सारख्याच नजरेनं तपासले पाहिजेत. चालू प्रकरणं वर्गात काढायची नाहीत. इतिहास शिकवता ना? महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं करण्याचा ठराव 1924 मध्येच केला होता. मग सत्याग्रहाची वेळ 1927 मध्ये का आली, एवढा एकच प्रश्न वर्गात टाका आणि गप्प बसा. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतलं पाणी यांत काय काय आडवं येतं, हे मुलं आपण होऊन बोलायला लागतात.

लेखनाबद्दल जरा कठोर लिहिते, कारण तुमच्या प्रश्नात मला एक घाई दिसली. घटना घडली की दोन दिवसांत लेख आला पाहिजे, असं तुम्हाला वाटतं. का? बातमीदाराचं काम वेगळं. तुम्ही त्या प्रकरणातले कार्यकर्ते आहात, तुमच्या लेखातलं एक चुकीचं वाक्य उलटतपासणीत फिर्यादीच्या अंगावर येऊ शकतं. ‘तुमच्याच माणसानं लिहिलंय की आठ जण होते, तुम्ही जबाबात पाच सांगता,’ असं विचारायला बचावपक्षाच्या वकिलाला फक्त एक कात्रण पुरतं. मी वहीत तीन रकाने पाडते: डोळ्यांनी पाहिलेलं, कुणीतरी सांगितलेलं (कुणी, कधी), आणि कागदावर असलेलं. लेखात जाणारं प्रत्येक विधान कोणत्या रकान्यातून आलं हे मला सांगता आलं पाहिजे. गावात गेल्यावर दुसऱ्या बाजूलाही भेटते, तपास अधिकाऱ्यालाही, तहसीलदारालाही. त्यांचं म्हणणं पटत नसेल तरी लिहून घेते.

नावांचं पथ्य तर कायद्याचंच आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख पटेल असं काहीही छापणं गुन्हा आहे, आणि खेड्यात गावाचं नाव व वडिलांचा धंदा एवढ्यावर ओळख पटते. बाकी प्रकरणांत कायदा आड येत नसला तरी विचारल्याशिवाय लिहू नका. एका आईनं मला सांगितलं होतं, ‘लिहा ताई, पण गावाचं नाव नका घालू. पोरीचं जमवायचंय.’ त्या लेखातून मी गावच नाही, तालुकाही काढला. लेख थोडा फिका झाला. होऊ दे.

या बाबतीत आंध्रातल्या के. बालगोपाल यांचं काम तुम्ही जरूर अभ्यासा. माणूस गणिताचा. गणितात पीएच.डी., वारंगळच्या काकतीय विद्यापीठात शिकवायचे. 1983 पासून आंध्र प्रदेशातल्या नागरी स्वातंत्र्य समितीचे सरचिटणीस. पुढं विद्यापीठ सुटलं, कायदा शिकून ते वकील झाले, आणि 2009 मध्ये जाईपर्यंत गोरगरिबांचे खटले लढवत राहिले. तेलुगू आणि इंग्रजी दोन्हींत त्यांनी भरपूर लिहिलं. चकमकींच्या चौकशीसाठी ते स्वतः गावोगाव फिरायचे, म्हणून त्यांच्या लेखनात हवेतलं काही नसे. पोलिसांच्या हिंसेविरुद्ध आपण बोलतो, मग नक्षलवाद्यांच्या हिंसेबद्दलही बोललं पाहिजे, हा आग्रह त्यांनी धरला. त्यावरून जुन्या सहकाऱ्यांशी फाटलं आणि 1998 मध्ये त्यांनी वेगळा मानवी हक्क मंच उभा केला. आपल्या बाजूचं चुकलेलं लिहिणं सगळ्यात महाग पडतं. ते करायची तयारी असेल तरच या क्षेत्रात लिहा.

एलएलबीबद्दल: करा, पण लगेच नाही आणि चुकीच्या अपेक्षेनं नाही. पदवीनंतरचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. प्रवेश सीईटीतून. तो पत्रव्यवहारानं होत नाही, हजेरी सक्तीची आहे. त्यामुळे आधी तुमच्या भागातल्या विधी महाविद्यालयाचे वर्ग सकाळी भरतात की दुपारी ते विचारा. तासिका आणि वर्ग एकाच वेळी असतील तर उत्तर तिथंच मिळालं. वकिलीची सनद घेतल्यावरचा नियमही आत्ताच माहीत असू द्या: वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. कायदा शिकवण्याला मात्र सवलत आहे, दिवसाला तीन तासांपर्यंत ते अर्धवेळ समजतात. माझं चालतं ते या सवलतीवर. तुम्ही शिकवता इतिहास, म्हणून तुमच्या बाबतीत महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडून लेखी खुलासा घ्यावा लागेल. नेट झालेलं आहे, कायम प्राध्यापकीची आशा आहे, तर सनदेचा विचार तूर्त बाजूला ठेवा. ॲट्रॉसिटीच्या खटल्यात सरकारी बाजू विशेष सरकारी वकीलच मांडतो. तुमच्यासारखा माणूस साक्षीदारांना तारखेला घेऊन येतो, भत्ता मिळवून देतो, फितूर होण्याआधी त्यांच्यावर कुणाचा दबाव येतोय ते ओळखतो. ते काम काळ्या कोटाशिवाय होतं, आणि त्याला माणसंच मिळत नाहीत.

संघटनेच्या आग्रहाचं काय करायचं? त्यांना आठवड्याचे ठरावीक दिवस द्या आणि ते लिहून द्या. ‘पूर्णवेळ नाही, पण ही दोन प्रकरणं निकालापर्यंत माझी,’ असं सांगा. दहा प्रकरणांत अर्धवट असण्यापेक्षा दोन प्रकरणांची शेवटच्या तारखेपर्यंत जबाबदारी घेणारा कार्यकर्ता कोणत्याही संघटनेला हवा असतो. घरच्यांनाही हेच सांगा, आणि कोणत्या गावात आहात हे रोज कळवा. त्यांची भीती खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका.

शेवटी टोपणनाव. ‘मूकनायक’वर संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचं नाव होतं, कारण बाबासाहेब तेव्हा सरकारी नोकरीत होते. त्यामुळे नोकरीच्या अटीमुळे नाव मागं ठेवणं यात कमीपणा नाही. पण धाकानं टोपणनाव घ्यायचं असेल, तर तालुक्याच्या गावात ते चार दिवससुद्धा टिकत नाही. तुमचं नियुक्तिपत्र काढून त्यातल्या अटी वाचा. शासकीय महाविद्यालय असेल तर वर्तणूक नियम लागू होतात, खासगी अनुदानित असेल तर संस्थेचे आणि विद्यापीठाचे नियम बघावे लागतील. हरकत नसेल तर सरळ नावानं लिहा, आणि प्राचार्यांच्या कानावर आधी घाला. चालू प्रकरणावरचा लेख असेल, तर तो दोषारोपपत्र दाखल झाल्यानंतरच पाठवा, आणि पाठवण्याआधी त्या घरातल्या माणसांना एकदा वाचून दाखवा.